अकरा सेकंद

नोंदवहीच्या 'रूप' या रकान्यात
सहा रात्री मी लिहिलं : ताऱ्यासारखं.
सातव्या रात्री लिहिलं : ताऱ्यासारखं?
तेवढ्या एका प्रश्नचिन्हासाठी
तीन आठवडे ढगांची मनधरणी केली,
घुमटाच्या फटीवरचा बर्फ फावड्यानं ओढला,
बद्रीशी भांडून मोटारीत तेल घालून घेतलं.

तेजाची प्रत अठरा पूर्णांक सहा.
म्हणजे किती, ते गुलिकोला सांगता येत नाही.
खालच्या गावातून ती भट्टीतला पाव आणते,
होडीसारखा लांब, शालीत गुंडाळलेला,
आणि दारातूनच विचारते, "दिसला का पाहुणा?
त्सिआला, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही
ते आकाशात ठेवलंय तरी कशाला?"
मी चीज तोडते, चहा ओतते.
प्रश्न अगदीच वेडगळ नाही.

पुरावा म्हणाल तर एवढाच :
पडद्यावर त्याच्याभोवती लहानसं वर्तुळ काढते,
आतला उजेड मोजते.
मग दुप्पट मोठं वर्तुळ. उजेड वाढतो.
शेजारच्या ताऱ्याचा वाढत नाही.
तारा आपलं सगळं सामान घरात घेऊन बसलेला,
याचं थोडं अंगणात सांडलेलं.
वाफ असेल. धूळ असेल.
आरशावरचं दव म्हणावं,
तर त्यानं शेजाऱ्यांनाही भिजवलं असतं.

कक्षा मात्र ऐकेना.
पहिल्या चार रात्रींतून निघाली
ऐंशीएक वर्षांची फेरी, लांबोडकी, पण बंद.
पाचवी रात्र घातली, झाली चारशे वर्षं.
सहावी घातल्यावर टोकं जुळेचनात,
वक्र उघडा राहिला
घोड्याच्या नालासारखा.
मी खूश झाले, खोटं कशाला बोलू.
म्हटलं, हे आपल्या सूर्याचं नव्हेच,
कुठल्या तरी परक्या दारातून निघालेलं
आणि आपल्याकडे न बसता जाणार.
रात्री दोन वाजता, एकटीनं,
बद्रीनं गाळलेल्या द्राक्षाच्या दारूचा
अर्धा पेला घेतला.

सकाळी बद्री शिडीवरून म्हणाला,
"तारेवर पाईन पडला ना, चौथ्या रात्रीनंतर,
तेव्हापासून हे यंत्र आपल्याच मनानं वेळ सांगतंय.
मी एकदा बेकरीतल्या रेडिओवर लावलं होतं."
एकदा.
आम्ही ताडून पाहिलं :
अकरा सेकंद मागे.

अकरा सेकंदांत ते सरकणार कितीसं?
तीन किलोमीटरवर ठेवलेला गव्हाचा दाणा
इथून दिसेल जेवढा, तेवढं.
तेवढ्यावर मी त्याचा सूर्य बदलून टाकला होता.

पाचवी, सहावी, सातवी,
तिन्ही रात्रींत अकरा सेकंद मिळवले.
वक्र मिटला. अठ्ठ्याहत्तर वर्षं.
उरलेला अर्धा पेला मोरीत ओतला,
मग वाईट वाटलं; दारूचा काय दोष.
ठिपके एकेक करून रेषेवर येऊन बसले,
सातवीचा सोडून.
तो जरासा बाहेर,
तोच, प्रश्नचिन्हवाला.
घड्याळ पुन्हा तपासलं. तारे तपासले.
बद्रीलाही तपासलं; त्यानं शपथा घेतल्या.
आमच्या सगळ्या चुका वजा केल्यावरही
हातचा राहतो तो राहतोच.
आत काही तापून फुटलं असेल आणि त्या झोतानं ढकललं असेल,
किंवा सांडलेल्या उजेडामुळे
मधला बिंदू मीच चुकीचा धरला असेल.
एका ठिपक्यावर कोण काय बोलणार?

गुलिको म्हणते, "म्हणजे परत येईल?"
येईल, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी.
"मग काय," ती म्हणते, "आमचा गोगीसुद्धा
शेळ्या घेऊन चार दिवसांनी येतो म्हणाला होता."
आणि रिकामी शाल झटकून घडी करते.

आज ढग आहेत.
उतारावर बद्री तारेवरचा पाईन कापतोय.
खिडकीतून त्याचा हात मागे जाताना दिसतो,
करवतीचा आवाज जरा नंतर येतो.
मी पेन्सिल घेऊन, सवयीनं,
मधला वेळ मोजते.